अंगाखांद्यावर

मावशी जमिनीवर बसली की मी तिच्या उठण्याची वाट बघतो. ते बघण्यासारखंच असतं. आधी ती डावा पाय पोटाशी घेते. मग उजवा तळवा गुडघ्यावर, डावा भिंतीला. मग क्षणभर काहीच नाही. नुसती थांबते, आत कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखी. मग "आई गं", आणि त्या 'गं'च्या लांबण्याबरोबर ती वर येते. वर आली तरी लगेच चालायला लागत नाही. पदर सारखा करते, केसांवरून हात फिरवते. पदर सारखाच असतो. कंबर सरळ व्हायला ते दोन-चार क्षण लागतात आणि ते कुणाच्या ध्यानात येऊ नयेत, म्हणून पदर.

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या वणीत मी लहानपणापासून बायकांना असंच उठताना बघत आलोय. केस पिकतात तसं हेही वयाबरोबर येत असणार, अशी माझी समजूत. मावशी वणीजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडीत मदतनीस होती. १९९० साली लागली, पासष्टी भरल्यावर २०२४ मध्ये घरी बसली. माझी ही सख्खी मावशी, पण वस्तीचीही मावशीच. सेविकेला सगळे 'बाई' म्हणतात आणि मदतनिसाला 'मावशी'. बाईंनी शिकवायचं, मावशीने सांभाळायचं, ही वाटणी कागदावरची. पोर उचलायची वेळ आली की दोघीही वाकतात.

सातआठ वर्षांपूर्वी एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला मी तिकडे गेलो. अंगणवाडीची खोली उभ्याने बघितली की जरा गंमत वाटते. आंबा, ससा, अ-आ-इ, एक ते दहा, उंची मोजायचा जिराफ, भिंतीवरचं सगळं आपल्या कमरेखाली. पाण्याचा माठ खाली, चपलांची फळी खाली, फळासुद्धा बसक्या उंचीवर. त्या खोलीत मोठ्या माणसासाठी म्हणून एकच गोष्ट होती. दाराच्या डाव्या अंगाला, कमरेच्या जरा वर, एक काळपट तेलकट डाग. तळहाताएवढा. मला वाटलं, ओल आली असेल. तेवढ्यात खाली बसून एका पोराचं नाक पुसणारी मावशी उठली आणि तिचा डावा तळवा बरोब्बर त्या डागावर जाऊन टेकला. तिने तिकडे बघितलंही नाही.

तो नेमका वजनाचा दिवस होता, म्हणून मी थांबलो. आढ्याला घड्याळासारखा गोल काटा टांगलेला, पंचवीस किलोपर्यंतचा. त्याच्या आकड्यात चड्डीच्या आकाराची कापडी झोळी. पोराचे दोन्ही पाय त्या चड्डीच्या दोन भोकांत जायला हवेत आणि पोराला नेमकं तेच नको असतं. मावशी वाकली, पोराच्या दोन्ही काखांत हात घालून उचललं, छातीशी धरलं. मग एका हातात पोर आणि दुसऱ्या हाताने झोळीचं भोक. पोराने पाय आखडून घेतले. ते सुटतात तोवर मावशी एका बाजूला कलून उभी. शेवटी पोर झोळीत बसलं, काटा गरागरा हलायला लागला आणि बाई म्हणाल्या, "हात काढा मावशी, काटा थांबत नाही." मावशीने हात काढले, पण लांब नेले नाहीत. अर्धी वाकून, पोराच्या खाली दोन्ही तळवे पसरून, त्याला न शिवता ती तशीच थांबली. झोळी सुटली तर? काटा थरथरत थांबला. "दहा किलो चारशे." बाईंनी वहीत लिहिलं. पुढचं पोर.

मला उगाच मोजायची खोड आहे. एकवीस पोरं होती. प्रत्येकाला दोनदा उचललं, एकदा चढवताना, एकदा उतरवताना. दोघं रडून दाराबाहेर पळाली, त्यांना आणखी एकदा. पोरामागे अकरा किलो धरले तर पाच क्विंटलला थोडंसंच कमी. वणीच्या बाजारात पाच क्विंटल कांदा उतरवायचा तर हमाल लागतो. त्याची हमाली ठरलेली असते, तोलाई वेगळी. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, आणि तो असावा हे बरंच झालं. पण माथ्यावरचं ओझं कायद्याला दिसलं, कडेवरचं काही दिसलं नाही. आणि गोणी निदान गप पडून राहते; ती गळ्यात हात घालत नाही, ऐन वेळी अंग टाकून देत नाही, मागे झोकूनही देत नाही. त्या वहीत एकवीस पोरांची वजनं शंभर-शंभर ग्रॅमपर्यंत लिहिलेली होती. ती उचलली कुणी, याचा रकाना नव्हता.

घरी येताना मी हा हिशेब मावशीला ऐकवला. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती गाडीवर मागे बसल्याबसल्या माझ्या पाठीत एक चापट मारून म्हणाली, "गप रे. पोर का कुठं जड राहतं? असं बोलू नये, दृष्ट लागती."

त्या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडकून होतो. आपल्याकडे मुलाला जड म्हणायचं नाही. गुटगुटीत म्हणायचं नाही, वाढलाय म्हणायचं नाही. म्हटलंच तर लगेच थू-थू करायचं. ही माया आहे आणि ती मला मोडायचीही नाही. पण ओझ्याला ओझं म्हणायची सोय नसेल, तर पाठ दुखते ती कशाने, हे सांगायचं तरी कसं? मराठीत मुलं 'अंगाखांद्यावर' वाढतात. फार सुंदर शब्द आहे, वाढदिवसाच्या आणि निरोपसमारंभाच्या भाषणांत हमखास येतो. मावशीच्या निरोपालाही एकाने तो वापरला: आमची पिढी मावशींच्या अंगाखांद्यावर खेळली. टाळ्या झाल्या. मी मावशीकडे बघत होतो. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर आहे. मान तिकडे वळवताना ती सगळं अंगच वळवते. त्या शब्दातलं अंग कुणाचं आणि खांदा कुणाचा, हे शब्द सांगत नाही. तो खेळणाऱ्याच्या बाजूने घडवलेला आहे.

तसाच 'कडेवर'. कड म्हणजे कंबरेची बाजू. तिथे पोर बसवायचं तर ती कड बाहेर काढावी लागते आणि पाठीचा कणा दुसऱ्या बाजूला झुकवून तोल सांभाळावा लागतो. उजवा हात कामाला मोकळा हवा म्हणून पोर बहुतेक वेळा डाव्या कडेवर. मावशीच्या लुगड्याचा काठ एका बाजूला कायम चार बोटं वर असतो. मी एकदा तिला तो सारखा कर म्हटलं, तेव्हा माझी आई म्हणाली, "लुगडं सरळच आहे, कंबरच वाकडी झालीय." दोघीही हसल्या.

दुखण्याला मात्र आमच्या बोलीत शब्दांची कमतरता नाही. चमक निघते, कळ येते, उसण भरते, मान आखडते, खांदा धरतो, पाय भरून येतात, हाताला रग लागते, हाडं ठणकतात, गुडघे बोलायला लागतात. अंगणवाडीच्या बायका मासिक बैठकीला जमल्या की हे शब्द पानसुपारीसारखे फिरतात. कुणाला कुठे, हे सगळ्यांना पाठ. त्या एकमेकींना विचारतात तेही "कशी आहेस?" असं नाही, "कंबर कशी आहे?" असं. काही दुखणी तर मला ठाऊकच नव्हती. पोराच्या काखेत हात घालून उचलताना अंगठा ताणला जातो, तसं वर्षानुवर्षं केलं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला असं काही दुखतं की चहाचा कप धरवत नाही. फ्रिट्झ द क्वेरव्हेन या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याच्या नावानेच डॉक्टर त्याला ओळखतात. तान्ह्या मुलांच्या आयांना ते बरेचदा होतं. आईचं मूल वर्षा-दोन वर्षांत चालायला लागतं आणि अंगठा सुटतो. अंगणवाडीत दर जूनला नवी पोरं.

मावशीला मी एकदा डॉक्टरकडे घेऊन गेलो, कुठे ते सांगायला नको. माणूस चांगला होता. फोटो बघून म्हणाला, गादी सरकलीय. मणक्यांच्या मधली गादी. (राजकारणात गादी सरकली की पेपरात बातमी तरी येते.) त्याने समजावूनही सांगितलं. भरलेली बादली अंगाला लावून धरा आणि मग तीच हात लांब करून धरा; बादली तीच, पण दुसऱ्या वेळी ती कितीतरी जड लागते. गुडघे ताठ ठेवून, पुढे वाकून, खालचं काही उचललं की पाठीला ती दुसरी बादली उचलावी लागते. म्हणून उकिडवं बसायचं, वजन पोटाशी घ्यायचं आणि मग उठायचं. मावशी म्हणाली, उकिडवं बसलं तर गुडघे उठू देत नाहीत. तो म्हणाला, मग जड उचलू नका. "नाही उचलत," मावशी म्हणाली. "पाण्याची कळशीपण सून भरती." त्याने विचारलं, "काम काय करता?" "काही नाही, पोरं सांभाळते." त्याने मान हलवली आणि कागदावर 'गृहिणी' लिहिलं. मी दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही, कारण त्या क्षणी मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं.

बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामधंद्यांच्या रोगांवर एक पुस्तक लिहिलं. खाणकरी, कुंभार, धोबी, दिवसभर बसून काम करणारे कारागीर, आणि दुसऱ्यांची मुलं अंगावर पाजणाऱ्या दायासुद्धा त्यात आहेत. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतो त्यात आणखी एक घाला, असं त्याचं सांगणं: तुमचा धंदा काय? तीनशे वर्षांनी तो प्रश्न आमच्याकडे पोचला, विचारलाही गेला. उत्तर मात्र "काही नाही" असं आलं.

गोळ्या महिनाभर चालल्या. शेक, निरगुडीचा पाला, नारायण तेल हे आधीपासून होतंच. पण मावशीचा खरा विश्वास होता तो एका चार वर्षांच्या पोरावर. ते पायाळू होतं. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं मूल; त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत. मी हे ऐकून हसलो, तर मावशी म्हणाली, शनिवारी येऊन बघ. पोरं घरी गेल्यावर तिने सतरंजी टाकली, पालथी झोपली आणि त्या पोराला हाक मारली. ते भिंतीला धरून तिच्या पाठीवर चढलं. कमरेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत, पाय टाकत निघालं. मधेच थांबून त्याने खिडकीतून दिसणाऱ्या शेळीला हाक मारली. "खाली सरक, खाली," मावशी सतरंजीत तोंड खुपसून सांगत होती. "हां, तिथंच. नाच आता." ते नाचलं. बाई बाजूला बसून वही लिहीत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "बारा किलो सहाशे आहे तो, जास्त वेळ नका ठेवू." थोड्या वेळाने मावशी उठली, भिंतीच्या डागावर हात ठेवून, आणि पोराच्या हातात राजगिऱ्याचा लाडू दिला. तिला बरं वाटलं होतं. फिजिओथेरपिस्ट असं काही ऐकून काय म्हणतील, मला कल्पना आहे. पण तिच्या पाठीवर तिच्याचसाठी म्हणून कुणी हात, किंवा पाय, ठेवल्याचं मी पाहिलेलं ते एवढंच.

अंगणवाडी या शब्दाचं गाव आपल्याकडेच आहे. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथे आधी पोरांना अंघोळ घालायची, नखं काढायची, डोकं विंचरायचं, आणि मग गाणी-गोष्टी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. ताराबाईंच्या मागे मारिया माँटेसोरी होत्या. रोममध्ये १९०७ साली त्यांनी बालगृह उघडलं तेव्हा मुलांच्या मापाची टेबलं, मुलांच्या मापाच्या खुर्च्या केल्या. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! मोठ्यांच्या जगात लोंबकळणाऱ्या पोराचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकले. मी या सगळ्या माणसांपुढे हात जोडतो. फक्त त्या खोलीत उभं राहिलं की एक गोष्ट मनात येते. सगळं मुलांच्या मापाचं केलं, तेव्हा मोठ्या बाईला दिवसभर मुलांच्या मापाचं व्हावं लागलं. तिचं माप कुणी घेतलं?

आता तर मोबाईलही आलाय. २०२१ पासून सगळं पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरावं लागतं. सेविकाबाईंची मान दुपारभर त्यात. २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० झालं, मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५००. मावशीच्या बाई तेव्हा मान चोळत म्हणाल्या होत्या, "धन कळलं, पण यातली मान कोणती, ही का?" त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यभर संप झाला, पन्नासहून जास्त दिवस चालला. वेतन, ग्रॅच्युइटी, पेन्शन अशा मागण्या होत्या, आणि त्या बरोबरच होत्या. अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२२ मध्ये सांगितलेलं. पाठीची मागणी मात्र कुणी केल्याचं मी ऐकलं नाही. मावशीचं निरीक्षण वेगळंच होतं. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती चुलीपुढून भिंत न धरता उठली. उठल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. आईला म्हणाली, "अगं, कंबर सुटली की!" मग गप्प बसली. इतकी वर्षं ती ज्याला वय म्हणत होती, ते तीन आठवड्यांत कमी झालं होतं.

आमच्या भागात द्राक्षं आहेत. दिंडोरीच्या बागांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बायका मांडवाखाली दिवसभर हात वर करून उभ्या असतात. विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, एकेक घड कात्रीने मोकळा करायचा. त्यांचे खांदे जातात. त्यांची पोरं अंगणवाडीत, तिथे मावशीची कंबर जाते. आईचे हात दिवसभर वर, मावशीची पाठ दिवसभर खाली, आणि पोर मधल्या मधे वाढतं. संध्याकाळी आई पोराला न्यायला येई तेव्हा मी पाहिलंय, दोघींपैकी कुणालाच ते उचलायचं नसे. पोर दोन्ही हात वर करून उभं राही. दोघी एकमेकींकडे बघत. मग आई वाके. द्राक्षं मात्र फार गोड असतात, युरोपपर्यंत जातात.

मावशी दर चैत्रात गडावर जायची, पायी. सप्तशृंगीला सगळे वणीची देवी म्हणतात, गड कळवण तालुक्यात असला तरी. कड्याच्या दगडातच कोरलेली, अठरा हातांची उंच मूर्ती. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत, ते ऐकायला देवीने मान एका बाजूला कलती केली, असं सांगतात. गुडघे गेल्यावर मावशी गावातल्या जगदंबेलाच नमस्कार करायची. मग २०१८ मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आली आणि मी तिला घेऊन गेलो. पाचशेच्या आसपास पायऱ्या चढायला जिथे ती दोन तास घ्यायची, तिथे काही मिनिटांत वर. ट्रॉलीत ती सबंध वेळ पायऱ्यांकडेच बघत होती. गाभाऱ्यापुढे गर्दी होती, थोडाच वेळ मिळाला. मावशी हात जोडून बघत राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तिचीपण मान वाकडीच आहे की रे. पण तिला मागं डोंगर आहे टेकायला."

मावशी निवृत्त झाल्यावर त्या खोलीला नवा रंग दिला, फिकट गुलाबी. जिराफ पुन्हा काढला, ससा जरा जाडा झाला. डाग अर्थातच गेला. तिच्या जागी आलेली मदतनीस तिशीची आहे, चपळ आहे, दोन पोरं एकदम उचलते. परवा त्या वस्तीवरून येताना मी दारातून डोकावलो. डाव्या अंगाला, गुलाबी रंगावर, चार बोटांची पुसट काळपट खूण उमटायला लागली आहे. आधीच्या डागापेक्षा जरा वर. नवी मदतनीस मावशीपेक्षा उंच आहे.